देवणीकरणीची सातची बैठक

देवणीकरणीला बसता यायचं. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं, बसता तर सगळ्यांनाच येतं. मलाही तसंच वाटायचं. पण तिला बसलेलं बघितलं आणि कळलं की आपण बसतो म्हणजे नुसते टेकलेले असतो. एक कान दाराकडे, एक डोळा फोनवर, जीव गॅसवरच्या दुधात. ती बसली की बसली. मांडी घालून, पाठ भिंतीला न टेकवता, हातात काहीतरी बारीक काम घेऊन. मग कुकर शिट्ट्या मारो, गल्लीत भांडण लागो, दारात मी उभी राहून हाका मारो, ती मान वर करायची नाही. डोळ्यानंच सांगायची, आत्ता नको.

तिचं खरं नाव आमच्या गल्लीत कुणी घेतलंच नाही. माहेर देवणीकडचं, म्हणून मुखेडजवळच्या सासरच्या खेड्यात तिला सगळे देवणीकरीण म्हणायचे. सुनेला तिच्या माहेरच्या गावानं ओळखायची आपल्याकडची रीत. तेच नाव दोन ट्रंका आणि एका गॅसच्या शेगडीबरोबर नांदेडला माझ्या मागच्या खोलीत राहायला आलं.

माझ्याकडे खोली घ्यायच्या त्या अकरावी-बारावीच्या पोरांच्या आया. पोरगं क्लासला, आई स्वयंपाकाला, बाप गावाकडं शेतात. एक संसार असा दोन गावांत वाटून राहतो, हे नांदेड-लातूरकडच्या माणसाला मी काय सांगू? पण देवणीकरीण आली ती चौथीतल्या पोरीला घेऊन.

"एवढ्याशा लेकराला कसला गं क्लास?" मी विचारलं.

"क्लास न्हाई काकू," ती म्हणाली. "लेकराला बसाया शिकवायचंय."

मी हसले. आणि आमचं हे बोलणं चाललं होतं तेवढ्यात ते लेकरू माझं सगळं घर फिरून आलेलं होतं. न्हाणीतला नळ चालू. देवघरातली घंटा वाजलेली. माझ्या शिलाई मशीनचं चाक उलटं फिरवून दोरा तुटलेला. एक चप्पल दारात, दुसरी मोगऱ्याच्या कुंडीत. आणि वरून गच्चीच्या कठड्यावरून आवाज, "आजी, तुमच्या टाकीतला बॉल पाण्यावर तरंगून नळ कसा काय बंद करतो ओ?"

"भिंगरी, खाली ये," देवणीकरीण म्हणाली. ओरडली नाही. नुसतं म्हणाली. पोरगी आली, उत्तर न घेताच दुसरा प्रश्न विचारला, त्याचंही उत्तर न घेता रस्त्यावर पळाली. नाव ठेवणाऱ्यानं अगदी बघून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारात ठिपक्यांची रांगोळी काढत होते. भिंगरी तोंडात ब्रश घेऊन येऊन उभी राहिली. जरा वेळानं म्हणते, "आजी, त्या रेषेवरून तुम्ही दोनदा गेलात."

"मग काय झालं?"

"जायची गरज नाही. हात न उचलता, एकदाच जाऊन सगळी होते." आणि माझ्या मुठीतली रांगोळी घेऊन तिनं शेजारी तीच आकृती एका दमात काढून दाखवली. मध्ये कुठं थांबली नाही, कुठली रेष दुसऱ्यांदा गिरवली नाही.

मी साठी ओलांडलेली बाई. पोरवयापासून दारात रांगोळी घालते. हे माझ्या कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. मी म्हटलं, बघू, आणि एक चौकोन काढून आत फुली मारली. "हा काढ हात न उचलता."

तिनं नुसतं बघितलं. "हा नाही होत. कोणालाच नाही होणार. पण वर छप्पर घाला, घरासारखं. मग होतो. खालच्या कोपऱ्यातून निघायचं, दुसऱ्या खालच्या कोपऱ्यात थांबायचं."

मी छप्पर घातलं. खालच्या कोपऱ्यातून निघाले. झाला हो!

"असं कसं गं?"

"ठिपक्याला आलेल्या रेषेला जाणारी रेष पाहिजे ना. आलेली, गेलेली, अशी जोडी. ज्यांना जोडी नाही असे ठिपके दोनच चालतात, एक निघायला आणि एक थांबायला. त्या चौकोनाचे चारही कोपरे बिनजोडीचे होते."

"कुणी शिकवलं तुला?"

"कुणी नाही. दिसतंय ना." एवढं बोलून ती गेली. ब्रश तुळशीच्या मातीत खोचलेला. त्या दिवशी शाळेत गेली ती दप्तराशिवाय, आणि मागून दप्तर घेऊन देवणीकरीण पळाली. मी मात्र मुठीत रांगोळी घेऊन तशीच उंबऱ्यावर बसले. पुढं कितीतरी दिवस मी मुद्दाम अवघड अवघड आकृत्या काढायचे. ती येता-जाता बघायची आणि म्हणायची, "होईल," नाहीतर, "नाही होत, आजी." एकदाही चुकली नाही. मला त्या पोरीचं भय वाटावं इतकं नवल वाटायचं.

आणि याच पोरीला वहीत पाच ओळी धड लिहिता यायच्या नाहीत. पहिली ओळ सुंदर, दुसरी निम्मी, तिसरीच्या जागी पंख्याचं चित्र. गावातल्या गुरुजींनी हात जोडले होते. भला माणूस म्हणायचा. "वहिनी, ही पोरगी एक तर माझ्यापेक्षा हुशार हाय, नाहीतर हिला काहीतरी झालंय. दोन्ही मला झेपायचं न्हाई. नांदेडला दाखवा," असं ते म्हणाले. त्याच्या आधी सासूबाईंनी गंडे बांधून झाले होते, नजर काढून झाली होती, शेजारणींनी "पहिलीच लेक, लाडावली" म्हणून झालं होतं.

देवणीकरणीच्या मालकांना हे सगळं पटत नव्हतं. माणूस तसा सरळ, लेकीवर जीव असणारा. पण शेत एकट्यानं बघायचं, म्हातारी आई बघायची, आणि बायको-लेक नांदेडात. ते रविवारी एसटीनं ज्वारीचं पीठ घेऊन यायचे आणि माझ्यासमोर गाऱ्हाणं मांडायचे. "काकू, मला का हौस हाय व्हय लेकराला लांब ठिवायची? पण निवासी शाळेत शिस्त लागती म्हणत्यात. पहाटं उठवत्यात, घंटेवर जेवण, घंटेवर अभ्यास. हिला म्हणलं, दिवाळीपत्तोर तुझ्या मनानं कर. सहामाही परीक्षेला पोरगी धड बसली तर ठीक. न्हाईतर मी तिला तिकडं घालणार."

शाळेनंही तेच सांगितलं होतं. घटक चाचणीत पोरगी मधेच उठून पंखा का हलतो ते बघायला बाकावर चढली होती. मोठ्या बाई म्हणाल्या, "सहामाही बघू. नाही जमलं तर तुम्ही दुसरी सोय बघा." म्हणजे सगळं येऊन ठेपलं होतं त्या परीक्षेवर. चुकली तर चौथीतलं लेकरू आईपासून तुटणार होतं.

मालक गेल्यावर देवणीकरीण मला म्हणाली, "काकू, माझ्या बापाच्या घरी देवणी जनावरं. वानेरा म्हणत्यात बघा, पांढरं अंग, काळं तोंड. त्यातलं एखादं खोंड असं निघायचं की दावणीला ठरायचं न्हाई. लोक म्हणायचे, गळ्यात लोढणं बांधा, चांगला ओंडका. पळायचं बंद होईल. माझा बाप म्हणायचा, पळायचं बंद होईल, पर चालायचं बी बंद होईल. निवासी शाळा म्हंजे लोढणंच की."

"मग काय करायचा तुझा बाप?"

"म्हाताऱ्या बैलासंगं जुवाला लावायचा. म्हातारा बैल काय शिकवत न्हाई, ढुशी मारत न्हाई. निस्ता चालतो. खोंड इकडं ओढतंय, तिकडं ओढतंय, म्हातारा आपला चालतोय. मग त्याच्या चालीत ह्याची चाल येती." मग म्हणाली, "लेकराला जनावर म्हनायली म्हून हसू नका. आमच्या घरी जनावर लेकरावानीच असतं."

मी कशाला हसते? त्या दिवसापासून मी सातची बैठक बघू लागले.

संध्याकाळी सातला ती खोलीत चटई टाकायची. भिंगरी वही घेऊन बसायची, देवणीकरीण तिच्या मांडीला मांडी लावून. आता अभ्यास घेणार, असं आपल्याला वाटतं. ती घेत नसे. वहीकडे बघतसुद्धा नसे. "हे चुकलं," "इकडं लक्ष दे," "झालं का गं?" यातलं एक अक्षर नाही. ती आपली वाकळ शिवत बसायची, टाक्याला टाका. पोरगी उठली तर उठू द्यायची. खिडकीपाशी जाऊन आली, पाणी पिऊन आली, एका पायावर उभी राहिली, तरी ही शिवतेच आहे. पोरगी फिरून येऊन त्याच जागी टेकायची, कारण ती जागा गरम होती आणि तिथं आई होती. सुरुवातीला पोरगी जेमतेम दोन गणितं करायची. मग पान. मग एक दिवस मी बघितलं तर उजेड जाऊन दिवा लागला तरी पोरगी मान खाली घालून लिहीत होती.

मला बोलल्याशिवाय अन्न पचत नाही, हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे. पहिल्याच आठवड्यात मी सातला भाजीची वाटी घेऊन गेले आणि दारातच सुरू झाले, अगं ऐकलंस का म्हणून. तिनं उठून वाटी घेतली, मला बाहेर आणलं. "काकू, तुमी बोलता तर घर भरल्यावानी वाटतं. माझी शप्पथ. पर सात ते आठ माझ्यासाठी मुकं व्हा." मी मुकी होण्याऐवजी माझ्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायचे. मला माझी खात्री नव्हती.

एकदा मी तिला विचारलं, "अगं, सारखी वाकळच का? शेंगा फोड, लसूण सोल, काहीतरी उरकेल तरी."

"उरकतंय म्हूनच नको," ती म्हणाली. "काम सरलं की माणूस उठतो. मी उठले की ती उठती. न सरणारं काम पायजे."

भिंगरीलाही मी विचारलं होतं, आई बसली की काय होतं गं तुला? ती म्हणाली, "आजी, माझ्या डोक्यात सारखी शाळा सुटलेली असते. माय बसली की शाळा भरल्याची घंटा झाल्यासारखं होतं. सगळी पोरं वर्गात येतात."

डॉक्टरकडे मीच त्यांना घेऊन गेले. लहान मुलांच्या मनाच्या डॉक्टरीणबाई होत्या, शांत. त्यांनी दोन-तीन खेपा पोरीला बघितलं, तिच्याशी खेळल्या, शाळेतून माहिती मागवली, आणि मग देवणीकरणीला समोर बसवून सांगितलं, "याला अटेंशन डेफिसिट म्हणतात. बुद्धी भरपूर आहे, फार भरपूर. पण लक्ष कुठं लावायचं आणि कुठून काढायचं, ते तिच्या हातात नाही. ही खोडी नाही, हट्ट नाही. आणि तुमच्या वळणाचा यात काही दोष नाही."

देवणीकरीण उठली. बाहेर येऊन रिक्षात बसली आणि पदर तोंडात धरून रडायला लागली. भिंगरी घाबरून तिच्याकडे बघत राहिली, एरवी ती कुणाकडे एवढा वेळ बघत नसे. "काकू," देवणीकरीण म्हणाली, "आजवर समद्यांनी मलाच इचारलं, वळण न्हाई का लावलं म्हून. पयल्यांदा कुणीतरी न्हाई म्हनलं."

बाईंनी रोजची एक गोळी सुरू केली. पुढच्या खेपेला तिनं डॉक्टरीणबाईंना सातच्या बैठकीचं सांगितलं, बैलासकट. बाईंनी सगळं ऐकलं. म्हणाल्या, "हे सोडू नका. गोळी तिचं काम करील, तुम्ही तुमचं करा." गावाकडं ही गोळीची बातमी पोचलीच. नणंदेचा फोन आला, "लेकराला गोळ्या देऊन शानी करायलीस म्हणं?" देवणीकरीण माझ्या देखत म्हणाली, "शानी ती हायेच, वन्सं. समद्या खिडक्या उघड्या व्हत्या, वाऱ्यानं दिवा ठरत नव्हता. गोळीनं दोन खिडक्या लोटल्या, एवढंच." आणि फोन ठेवून ज्वारी निवडायला बसली.

ती काही देवबाप्पा नव्हती, हेही सांगते. परीक्षा जवळ आली तशी तिची झोप उडाली. एके दिवशी भिंगरीनं कंपास हरवली, तिच्या आधीची हरवली होतीच, त्यात दूध उतू गेलं, आणि पोरगी मात्र सांडलेलं दूध फरशीच्या उतारानं कुठं कुठं जातं ते वाकून बघतेय. देवणीकरणीनं हातातली पळी भिंतीवर फेकली. "कवा गं, कवा सुधरणार तू? मी मेल्यावर?" भिंगरी जागच्या जागी थिजली. देवणीकरीण गच्चीवर निघून गेली. मी मागून गेले तर कठड्याला धरून उभी. "मी बी माणूसच हाय ना, काकू. मला बी कटाळा येतो बसून बसून. पाय बधिर होत्यात. एखाद्या दिशी वाटतं, घालावी निवासी शाळेत आन निजावं हातपाय पसरून."

मी तिच्याशेजारी कठड्याला टेकून उभी राहिले. आणि सात वाजले तशी ती आपोआप खाली उतरली. खोलीत भिंगरीनं चटई टाकून ठेवली होती. वाकळ काढून, सुईत दोरा ओवून, आईच्या जागेवर ठेवली होती. कंपास हरवणाऱ्या पोरीनं सुई शोधली होती. देवणीकरीण बसली. पोरीनं मांडीला मांडी लावली. मी माझं दार लावून घेतलं आणि खुशाल रडले.

सहामाहीच्या पहिल्या दिवशी देवणीकरीण मला घेऊन मोठ्या बाईंसमोर उभी राहिली.

"बाई, मला वर्गात बसू द्या."

"असं कसं चालेल? उद्या सगळ्या आया येतील."

"मग बाहेर. खिडकीच्या खाली, व्हरांड्यात. मी तोंड उघडनार न्हाई. पोरीला निस्ती माझी पाठ दिसली तरी बास."

मोठ्या बाईंनी मला बघितलं. "आणि या कोण?"

"घरमालकीण," देवणीकरीण म्हणाली. "त्या तिकडं लांब बसत्याल. शिपाईमामांपाशी." म्हणजे मला तोंड उघडायची जागासुद्धा तिनं नेमून दिली.

बाई हसल्या. म्हणाल्या, आजच्या दिवस बघू.

वाकळ शाळेत नेता येईना, म्हणून तिनं सूप आणि तुरीची डाळ आणली होती. बुटक्या खिडकीखाली वर्गाकडं पाठ करून मांडी घातली आणि डाळ निवडायला लागली. मी व्हरांड्याच्या टोकाला, शिपाईमामांच्या स्टुलाशेजारी. मामांना मुखेडपासूनचा सगळा इतिहास सांगितला. पण नजर तिकडेच. खिडकीच्या गजांतून भिंगरीचं डोकं दिसायचं. वर व्हायचं, खिडकीकडं वळायचं, आईची पाठ बघायचं आणि पुन्हा खाली जायचं.

वेळ जात राहिला आणि मला दिसलं की देवणीकरणीची डाळ निवडून झाली. सूप स्वच्छ. खडे आणि फोलपटं शेजारी कागदावर काढलेली. वर्गात पेपर तर अजून चाललेला. आता ही काय करणार, आता उठेल, मी मामांना म्हटलं. तिनं एकदा खिडकीकडं बघितलं. मग कागद उचलला, सगळे खडे परत सुपात ओतले, दोन्ही हातांनी डाळीत नीट कालवले, आणि पहिल्यापासून निवडायला सुरुवात केली.

मोठ्या बाई त्याच वेळी फेरीला निघाल्या होत्या. त्या खांबाजवळ थांबल्या. त्यांनी ते बघितलं. हळू पावलानं माझ्यापर्यंत आल्या आणि मामांना म्हणाल्या, "त्यांच्यासाठी एक पाट आणून द्या. फरशी गार आहे."

घंटा होईपर्यंत भिंगरी जागची उठली नाही. बाहेर आली ती पळतच, एक पायमोजा वर, एक खाली. "माय, शेवटचं गणित लई भारी होतं! दोन रीतीनं होतंय!" आणि पाण्याची बाटली वर्गातच. बाकीच्या पेपरांनाही देवणीकरीण त्याच पाटावर बसली, तीच डाळ घेऊन. ती डाळ नंतर आम्ही तिघींनी मिळून खाल्ली. एवढी निवडलेली डाळ मी जन्मात खाल्ली नाही.

त्या रविवारी मालक आले. मीच त्यांना सगळं सांगितलं, ती कसली सांगते! खडे परत ओतल्याचं ऐकून ते दाराबाहेर जाऊन उगाच चप्पल झटकत बसले. निवासी शाळेचं नाव काढलं नाही. सात वाजता देवणीकरीण चटई टाकायला लागली, तर म्हणाले, "सरक. आज मी बसतो. तू जरा पाठ टेक." बसले लेकीजवळ, तिच्यासारखीच मांडी घालून. आणि बघता बघता माणूस बसल्या जागी घोरायला लागला. मी हसू दाबत देवणीकरणीकडं बघितलं. तिनं भिंगरीकडं बोट केलं. पोरगी बापाच्या घोरण्याशेजारी मान खाली घालून गणितं करत होती.

"चालतंय," देवणीकरीण कुजबुजली. "घोरनारा बी चालतोय." आणि खरंच, त्या संध्याकाळी ती भिंतीला पाठ टेकून बसली.

मग वर्षं गेली. मांडीला मांडी होती ती हातभर लांब गेली. मग देवणीकरीण खोलीच्या दुसऱ्या भिंतीशी बसायला लागली, मग उंबऱ्यावर, दहावीत तर अंगणात. ती जागा कधी बदलायची, ते कुणाला कळायचं नाही, पोरीलासुद्धा नाही. भिंगरी उंच झाली, प्रश्न मोठे झाले, चपला तशाच हरवत राहिल्या. वाकळी इतक्या झाल्या की गल्लीतल्या प्रत्येक नव्या बाळाला एकेक गेली.

दहावीनंतर भिंगरीनं लातूर मागितलं. सगळं जग लातूरला डॉक्टर व्हायला जातं, ही निघाली निव्वळ गणितासाठी. तिथले एक सर म्हणे तिचा प्रश्न ऐकून "मला माहीत नाही, दोघं बघू" असं म्हणाले होते. तेवढ्यावर हिचं ठरलं. देवणीकरीण बरोबर जाणारच होती, पण नेमकी त्याच वेळी सासूबाई पडल्या आणि हाड मोडलं. त्यांचं सगळं आता अंथरुणातच. कुणीतरी गावाकडं पाहिजे होतं.

स्टँडवर मी दोघींना पोचवायला गेले. भिंगरी बापाबरोबर लातूरच्या गाडीत, देवणीकरीण मुखेडच्या गाडीची वाट बघत. लातूरची गाडी सुटता सुटता भिंगरी खाली उतरली, पाण्याची बाटली कट्ट्यावर. पुन्हा चढली, पुन्हा उतरली, आता फोन माझ्या पिशवीत. कंडक्टर म्हणाला, "ताई, अजून काही राहिलंय का? का आजीलाच घेऊन चलता?" सगळी गाडी हसली. देवणीकरीण हसली नाही. गाडी वळेपर्यंत कट्ट्यावर बसून राहिली, मांडी घालून, पाठ ताठ, हातात काम नसलेली. तशी मी तिला पहिल्यांदाच बघितली. "दोर लई लांब झाला, काकू," एवढंच म्हणाली.

पण तिनं वाट काढली. रोज सातला ती गावाकडं डब्याला फोन टेकवते आणि व्हिडिओ कॉल लावते. तिकडं लातूरला होस्टेलच्या टेबलावर भिंगरीचा फोन. कुणी बोलत नाही. इकडं सुई चालते, तिकडं पेन. तिनं हे मला सांगितलं तेव्हा मी विचारलं, "अगं, मग तासभर बघता तरी काय एकमेकींचं?" "बघत न्हाई काकू," ती म्हणाली. "असतो."

मागच्या आठवड्यात सातच्या सुमारास माझा फोन वाजला. भिंगरी.

"आजी, माय म्हातारीला घेऊन मुखेडला दवाखान्यात गेली. तिथं आत रेंज नाही. उद्या माझा पेपर आहे." मग हळूच, "तुम्ही बसता का?"

"बसते की गं माय!"

"आजी, पण..."

"नाही बोलणार. तुझी शप्पथ."

मी फोन पिठाच्या डब्याला टेकवला. मेथीची जुडी घेतली, मांडी घातली, पाठ भिंतीपासून सोडवली. फोनमध्ये तिचं डोकं दिसत होतं, खाली वळलेलं. कितीतरी गोष्टी माझ्या ओठावर येत होत्या. जेवलीस का, खोलीत डास आहेत का, केस कसे गं असे. गिळल्या सगळ्या. दारात शेजारीण आली, हाक मारली. मी डोळ्यानंच सांगितलं, आत्ता नको. मधे एकदा भिंगरीनं मान वर केली, मला बघितलं, आणि पुन्हा खाली घातली. एवढं मोठं डोकं ते, आणि माझ्या असण्यावर ठरलं होतं.

पाय बधिर झाले. मेथी निवडून संपली. पानं एकीकडे, काड्या एकीकडे. तिकडं पेन चालूच होतं.

मी काड्या उचलल्या, पानांत टाकल्या, दोन्ही हातांनी नीट कालवल्या, आणि पहिल्यापासून निवडायला घेतलं.